आठ तास वीज साठवणारी यंत्रणा तुमच्याकडे आहे. सरकारी मदतीने ती प्रत्यक्ष उभी कशी करायची?

प्रयोगशाळेच्या टेबलावर एखादी फ्लो बॅटरी (टाकीतल्या द्रावणात ऊर्जा साठवणारी) किंवा उष्णता साठवणारी टाकी चालली, म्हणजे निम्मे काम झाले असे वाटते. खरे तर तिथून सर्वात अवघड टप्पा सुरू होतो. तीच यंत्रणा शंभरपट मोठी करायची, एमआयडीसीतल्या शेडमध्ये बसवायची आणि मेच्या उन्हात, जुलैच्या दमट हवेत वर्षभर रोज चालवून दाखवायची. बँक यासाठी कर्ज देत नाही, कारण तारण ठेवायला काही नसते. गुंतवणूकदार म्हणतो, आधी कुठेतरी चालवून दाखवा. महावितरणसारखी कंपनी म्हणते, दुसरीकडे चालल्याचा दाखला आणा. या कोंडीतून वाट काढायला सरकारी मदत असते.

हा लेख पहिल्यांदाच या वाटेला लागणाऱ्यांसाठी आहे: इंजिनिअरिंग कॉलेजांतले संशोधक, लहान कंपन्या, नुकतेच नोंदवलेले स्टार्टअप. यातले बहुतेक जण सुरुवात 'कोणत्या योजनेत किती पैसे मिळतात?' या प्रश्नापासून करतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. ज्याच्या आवारात यंत्रणा बसणार आणि जो तिची वीज खरोखर वापरणार, तो यजमान आधी शोधा. मग अर्ज लिहिणे बरेच सोपे होते.

पायरी १ : तास मोजा, आणि लिथियमचा भाव बघा

'दीर्घकालीन' म्हणजे किती तास, याला एकच उत्तर नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०२१ मध्ये खर्च कमी करण्याचे उद्दिष्ट जाहीर करताना १० तासांची रेघ ओढली. ब्रिटनने आपल्या नव्या आधार-योजनेसाठी किमान ८ तास धरले. आपल्याकडच्या बॅटरी निविदा बहुतांशी २ किंवा ४ तासांच्या असतात आणि उदंचन जलविद्युत प्रकल्प (पाणी वरच्या धरणात चढवून नंतर त्यावर वीज काढणारे) साधारण ६ ते ८ तासांचे. तुम्ही स्वतःला दीर्घकालीन म्हणवत असाल तर ८ तासांच्या खाली बोलू नका.

अर्जात मेगावॉट आणि मेगावॉट-तास हे दोन्ही आकडे द्या. १ मेगावॉटची यंत्रणा ८ तास चालली तर ती ८ मेगावॉट-तास, म्हणजे ८,००० युनिट देते. नुसते '१ मेगावॉट साठवण' लिहिलेला अर्ज तपासणारा माणूस पहिल्याच पानावर भुवया उंचावतो.

तुमची खरी स्पर्धा लिथियम बॅटरीशी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सेकी या केंद्राच्या सौर ऊर्जा कंपनीच्या पहिल्या मोठ्या निविदेत महिन्याला प्रति मेगावॉट १०.८४ लाख रुपये दर आला होता. ती यंत्रणा २ तासांची होती. २०२५ मध्ये, केंद्राचा हातभार धरून, असे दर दोन लाखांच्या आसपास उतरले. त्यामुळे 'आमचे तंत्रज्ञान लिथियमपेक्षा स्वस्त' हे वाक्य दोन-चार तासांच्या कामासाठी लिहू नका, कोणी विश्वास ठेवणार नाही. तुमची बाजू भक्कम होते ती तास वाढल्यावर. व्हॅनेडियम फ्लो बॅटरीत शक्ती ठरते ती स्टॅकवर, म्हणजे द्रावणातून वीज काढणाऱ्या सेलच्या संचावर, आणि ऊर्जा ठरते टाकीतल्या द्रावणावर. चार तासांचे आठ तास करायचे तर टाकी आणि द्रावण वाढते, स्टॅक तोच राहतो. लिथियममध्ये तास दुप्पट म्हणजे सेलही जवळपास दुप्पट. हा फरक आकड्यांत मांडा.

वजन उचलून वीज साठवण्याच्या कल्पना घेऊन येणाऱ्यांची संख्या कमी नाही, म्हणून एक छोटे गणित. एक टन वजन १०० मीटर खाली आले तर आदर्श स्थितीत ०.२७ युनिट मिळते. एका मेगावॉट-तासासाठी साधारण ३,७०० टन लागतात. पाण्याच्या बाबतीत हे जमते, कारण डोंगर आणि धरण आयतेच असते. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे, भिऱ्याला टाटा पॉवरचा १५० मेगावॉटचा संच त्याच्याही आधीपासून. पण नेमके म्हणूनच उदंचनाला 'नवे तंत्रज्ञान' म्हणून प्रात्यक्षिकाचा पैसा मिळत नाही. ब्रिटनमध्ये ऱ्हीएनर्जाइज या कंपनीला तो मिळाला, कारण तिने पाण्याऐवजी अडीचपट घन द्रव वापरायची कल्पना मांडली: लहानशा टेकडीवरही चालेल अशी. नावीन्य कशात आहे, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे.

पायरी २ : यजमान शोधा

या पायरीवर सर्वात जास्त वेळ घालवा.

यजमान साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला, मोठी सरकारी कंपनी. एनटीपीसी इथे सर्वात पुढे आहे. कर्नाटकातल्या कुडगी वीज केंद्रात १६० मेगावॉट-तासांची कार्बन डायऑक्साइडवर चालणारी साठवण यंत्रणा उभारण्याचे काम तिने दिले आहे. ग्रेटर नोएडातल्या तिच्या नेत्रा या संशोधन केंद्रात ३ मेगावॉट-तासांची व्हॅनेडियम फ्लो बॅटरी नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. अशा ठिकाणी यजमान, ग्राहक आणि पैसा देणारा एकच असतो. अट एवढीच की निविदा किंवा स्वारस्य-पत्राच्या मार्गानेच आत जावे लागते, आणि मोठ्या यंत्रणेचा अनुभव मागितला जातो.

दुसरा प्रकार, उच्चदाब वीज घेणारा कारखाना, शीतगृह किंवा दूध प्रक्रिया केंद्र. नवख्यासाठी हा सर्वात चांगला यजमान, कारण त्याला संध्याकाळच्या महाग विजेची झळ स्वतःच्या बिलात दिसते. तिसरा, विद्यापीठाचे किंवा संस्थेचे आवार. इथे होकार पटकन मिळतो, पण परीक्षक त्याला फारसे वजन देत नाहीत, कारण कॅम्पसवर यंत्रणा बंद पडली तरी कोणाचे उत्पादन थांबत नाही.

कारखान्याकडे जाताना सादरीकरण घेऊन जाऊ नका, मागण्यांची यादी घेऊन जा. गेल्या वर्षभराचा लोड सर्व्हे, म्हणजे दर १५ मिनिटांच्या वीजवापराची नोंद, मागा. उच्चदाब ग्राहकांच्या मीटरमधून तो निघतो. बारा महिन्यांची बिले मागा. करार मागणी, म्हणजे काँट्रॅक्ट डिमांड, किती आहे ते विचारा. छतावर सौर असेल तर दुपारी किती वीज जाळ्यात परत जाते ते बघा. मग फिडर कोणता, जागा किती, अग्निशमनाची गाडी तिथवर येते का. हे कागद हाती आले की यंत्रणा कधी चार्ज होणार, कधी वीज देणार, हे तुम्ही तासानुसार सांगू शकता. अर्जातला सर्वात ताकदीचा तक्ता हाच.

शेवटी यजमानाचे पत्र घ्या. 'आम्हाला या प्रकल्पात रस आहे' असे पत्र निरुपयोगी. जागा किती वर्षांसाठी, वीजजोडणी कोणाच्या नावावर, विमा कोणाचा, यंत्रणा बंद पडली तर काय, हे लिहिलेले आणि सही करण्याचा अधिकार असलेल्या माणसाची सही असलेले पत्र हवे. प्लांट मॅनेजरची सही बहुतेक वेळा पुरत नाही; संचालकाची लागते.

एक अवांतर सूचना. सगळी साठवलेली ऊर्जा विजेच्या रूपातच परत यायला हवी असे नाही. इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया युनिटांना वाफ लागते, दुग्धशाळांना गरम पाणी लागते. स्वस्त दुपारच्या विजेने तापवलेली विटांची किंवा मिठाची टाकी रात्री थेट उष्णता देऊ शकते, आणि उष्णतेचे पुन्हा वीज करण्यातला मोठा तोटा वाचतो. महाराष्ट्रात या वाटेने जाणारे अजून कमी आहेत, याचे मला आश्चर्य वाटते.

पायरी ३ : तोट्याचे गणित आधी करा

समजा तुमची यंत्रणा १०० किलोवॉटची, ८ तासांची आहे आणि साठवून परत मिळण्याची कार्यक्षमता ७० टक्के. रोज ८०० युनिट द्यायचे तर चार्ज करायला सुमारे १,१४३ युनिट लागतील. म्हणजे रोज ३४३ युनिट वाया. चार्जिंगची वीज ६ रुपयांनी पडत असेल आणि वर्षात ३०० दिवस यंत्रणा चालली, तर नुसत्या तोट्याची किंमत सहा लाख रुपयांच्या वर जाते.

याच गणिताची दुसरी बाजू: ६ रुपयांची वीज परत मिळताना ८ रुपये ५७ पैशांना पडते. यंत्रणेची किंमत, देखभाल, माणसे हे सगळे अजून धरलेलेच नाही. त्यामुळे संध्याकाळी वाचणाऱ्या विजेचा दर याच्या वर नसेल तर प्रकल्प यजमानाच्या खिशातून चालेल, आणि तो दुसऱ्या वर्षी बंद करेल. वेळेनुसार बदलणाऱ्या दरांमुळे हे अंतर वाढते आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांतला दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे, आणि औद्योगिक व व्यापारी ग्राहकांसाठी ही पद्धत एप्रिल २०२४ पासून आणायची होती. तुमच्या यजमानाला लागू असलेला चालू दर-आदेश काढा आणि त्यातलेच आकडे वापरा.

पायरी ४ : कोणते दार ठोठवायचे?

तंत्रज्ञान कितपत तयार आहे हे १ ते ९ अशा टीआरएल पातळ्यांवर मोजतात. ४ म्हणजे प्रयोगशाळेत सिद्ध, ७ म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या ठिकाणी चाललेला नमुना, ९ म्हणजे बाजारात रुळलेले. तुमची पातळी प्रामाणिकपणे ठरवा. ती फुगवली तर पहिल्याच मुलाखतीत उघडी पडते.

अगदी सुरुवातीच्या नमुन्यासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना आहे: कमाल १० लाख रुपये, आणि कंपनी नसलेला एकटा माणूसही अर्ज करू शकतो. पैसे थेट दिल्लीहून येत नाहीत, मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत येतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातले व्हेंचर सेंटर आणि आयआयटी मुंबईतले साइन ही या क्षेत्रात वावर असलेली नावे. त्यापुढे निधीचीच बीजभांडवल योजना आहे, तीही इन्क्युबेटरमार्फतच.

संशोधन संस्थेसोबत जाणार असाल तर नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा संशोधन व तंत्रज्ञान विकास कार्यक्रम बघा. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी त्याला २२८ कोटी रुपयांची तरतूद होती. सरकारी आणि ना-नफा संस्थांना पूर्ण खर्च मिळू शकतो, उद्योगांना मात्र खर्चाचा काही भागच. म्हणूनच कॉलेज मुख्य अर्जदार आणि कंपनी भागीदार अशी जोडी अनेकदा फायद्याची ठरते. ऊर्जा मंत्रालयाच्या संशोधन योजना बेंगळुरूची सीपीआरआय ही संस्था हाताळते. तिच्याकडे चाचणीच्या सोयीही आहेत, त्यामुळे तिथे ओळख करून ठेवलेली बरी.

खऱ्या प्रात्यक्षिकासाठी, म्हणजे काही कोटींच्या यंत्रणेसाठी, तंत्रज्ञान विकास मंडळ म्हणजे टीडीबी. १९९५ च्या कायद्याने स्थापन झालेले हे मंडळ मंजूर प्रकल्प खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत, ५ टक्के सरळ व्याजाने कर्ज देते. हे अनुदान नाही, फेडावे लागते. अनेक जण अर्ज भरून झाल्यावर हे वाचतात. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेला एक लाख कोटी रुपयांचा संशोधन, विकास व नवोपक्रम निधीही याच धर्तीचा आहे: टीआरएल ४ आणि त्यावरचे प्रकल्प, दीर्घ मुदतीचे कमी किंवा शून्य व्याजाचे कर्ज किंवा भांडवलात सहभाग. अनुदान त्यातही नाही. ऊर्जा सुरक्षा आणि ऊर्जा संक्रमण त्याच्या अग्रक्रमात आहे. पैसा मधल्या निधी-व्यवस्थापकांमार्फत येतो आणि टीडीबी त्यांपैकी एक आहे.

एका दाराबद्दल मुद्दाम सावध करतो. व्हायेबिलिटी गॅप फंडिंग (व्हीजीएफ), म्हणजे प्रकल्प परवडण्यात पडणारी तूट भरून काढणारी मदत, या नावाने मोठे आकडे वर्तमानपत्रांत येतात: सप्टेंबर २०२३ मध्ये ४,००० मेगावॉट-तासांसाठी, भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, २०२५ मध्ये आणखी ३० गिगावॉट-तासांसाठी ५,४०० कोटी. हा पैसा बॅटरी प्रकल्पांचा आहे आणि स्पर्धात्मक निविदेतून जातो, म्हणजे सर्वात कमी दर देणारा जिंकतो. नव्या तंत्रज्ञानाला तिथे जागा जवळजवळ नाही. त्या निविदेची कागदपत्रे मात्र जरूर वाचा, कारण दोन-तीन वर्षांनी तुमच्या यंत्रणेकडून उपलब्धता आणि कार्यक्षमतेच्या कोणत्या अटी मागितल्या जातील, हे त्यातून कळते.

केंद्राच्या उद्योग-प्रोत्साहन विभागाची (डीपीआयआयटी) स्टार्टअप मान्यता लवकर घेऊन ठेवा. सरकारी खरेदीत बयाणा रक्कम माफ होते, आणि गुणवत्तेच्या अटी पूर्ण केल्यास आधीच्या उलाढालीची व अनुभवाची अट शिथिल करता येते. पेटंट शुल्कातही मोठी सवलत आहे. पेटंटचा अर्ज यजमानाला रेखाचित्रे दाखवण्याआधी करा.

पायरी ५ : अर्ज लिहिणे

ब्रिटनच्या योजनेकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २०२१ च्या ६ कोटी ८० लाख पाउंडांच्या त्यांच्या प्रात्यक्षिक स्पर्धेत सगळा पैसा एकदम वाटला नाही. आधी २४ प्रकल्पांना मिळून ६७ लाख पाउंड, फक्त आराखडा आणि व्यवहार्यता तपासायला. त्यातून निवडलेल्यांनाच बांधणीचे पैसे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पाच प्रकल्पांना ३ कोटी २९ लाख. आपल्याकडच्या योजना अशी विभागणी दरवेळी करत नाहीत. तुम्हीच अर्जात करा: पहिले सहा महिने आराखडा आणि परवानग्या, तिथे थांबून आढावा, मग खरेदी. पैसे देणाऱ्याला बाहेर पडायची जागा दिसली की तो आत यायला तयार होतो.

चाचणी आराखडा हा अर्जाचा कणा. 'कार्यक्षमता तपासली जाईल' हे पुरेसे नाही. मीटर कुठे बसणार, ते लिहा. पंप, पंखे, वातानुकूलन यांची वीज धरून, एसी बाजूला मोजलेली कार्यक्षमताच खरी. फ्लो बॅटरीच्या विक्रेत्यांचे आकडे अनेकदा डीसी बाजूचे असतात, आणि मीटर एसी बाजूला गेला की टक्के गळतात. चार्ज करून न वापरता ठेवल्यावर किती ऊर्जा आपोआप जाते, ५०० चक्रांनंतर क्षमता किती उरते, वर्षात किती तास यंत्रणा बंद होती, हे मोजण्याची पद्धत ठरवा. वीज साठवण यंत्रणांच्या चाचण्यांसाठी आयईसी ६२९३३ आणि फ्लो बॅटरीसाठी आयईसी ६२९३२ ही मानके आहेत. स्वतःची पद्धत शोधत बसू नका. मोजणी शक्यतो तिसऱ्या संस्थेकडून करून घ्या आणि तिचा खर्च अंदाजपत्रकात धरा.

अंदाजपत्रकात लोक हमखास विसरतात ते असे: पाया आणि शेड, ट्रान्सफॉर्मर व स्विचगिअर, विमा, अग्निसुरक्षा, दोन वर्षे यंत्रणेपाशी राहणारा तंत्रज्ञ, आणि शेवटी यंत्रणा उचलून नेण्याचा खर्च. आयात भाग असतील तर चलनदराच्या चढउतारासाठी वेगळी रक्कम ठेवा.

पायरी ६ : परवानग्या

स्वतंत्र साठवण प्रकल्पाला वीज कायद्याखाली परवाना लागत नाही. २०२२ च्या नियमांनी हे स्पष्ट केले. यजमानाच्या मीटरमागे यंत्रणा असेल तर महावितरणला कळवून जोडणीची मंजुरी घ्यावी लागते आणि चार्जिंग सुरू करण्याआधी विद्युत निरीक्षकाची तपासणी. दाबाखाली वायू साठवणार असाल, म्हणजे संकुचित हवा किंवा कार्बन डायऑक्साइड, तर २०१६ चे प्रेशर व्हेसल नियम आणि पेसो या केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेची मान्यता. पेसोचे मुख्यालय नागपूरला आहे, ही आपल्याकडच्यांची सोय. टाकीचे रेखाचित्र मंजूर होण्याआधी टाकी बनवायला टाकू नका. आम्लाचे द्रावण असलेली बॅटरी असेल तर गळती अडवणारा हौद आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाशी आधीच बोलणी.

पायरी ७ : मंजुरीनंतर

निवड झाली म्हणजे पैसे आले नाहीत. अमेरिकेने सप्टेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन साठवणीच्या १५ प्रकल्पांसाठी ३२ कोटी ५० लाख डॉलरपर्यंतची घोषणा केली, तेव्हाही ती निवड वाटाघाटींसाठी होती, करार त्यानंतर व्हायचे होते. आपल्याकडेही मंजुरीपत्र आणि पहिला हप्ता यांत महिने जाऊ शकतात. तोवर पगार भागवण्याची तजवीज हवी. नाहीतर चांगली माणसे सोडून जातात आणि पैसे येतात तेव्हा काम करणारेच उरत नाहीत.

अनुदानासाठी स्वतंत्र बँक खाते ठेवा. त्यावर मिळालेले व्याज तुमचे नसते, सरकारला परत जाते. पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावरच मिळतो, म्हणून पहिल्या बिलापासून शीर्षवार हिशेब ठेवणारा सीए गाठा. यंत्रसामग्रीच्या शीर्षातले पैसे पगाराकडे वळवायचे असतील तर आधी लेखी परवानगी.

यंत्रणा चालू झाल्यावर दर महिन्याला यजमानाला एक पानाचा अहवाल द्या: किती युनिट घेतले, किती दिले, किती तास बंद, का बंद. बिघाडाची नोंद लपवू नका. पुढच्या ग्राहकाला वर्षभराची बिघाडांसह नोंद दाखवली तर तो विश्वास ठेवतो; एकही बिघाड नसलेली नोंद पाहून तो मीटरच तपासायला मागतो.

राहिला एक कागद, जो सुरुवातीलाच करायचा असतो. प्रात्यक्षिकाची मुदत संपल्यावर यंत्रणा कोणाची? सरकारी अनुदानातून घेतलेली मालमत्ता परस्पर विकता किंवा दुसऱ्या कामाला लावता येत नाही, मंजुरी देणाऱ्या विभागाची परवानगी लागते. यजमानाला ती चालू ठेवायची असेल तर देखभाल कोण करणार, त्याला जागा रिकामी हवी असेल तर टाक्या आणि द्रावण कोण आणि किती दिवसांत हलवणार, चाचण्यांच्या नोंदी कोण वापरू शकणार, हे यजमानाशी होणाऱ्या सामंजस्य करारात लिहा आणि त्या कराराची प्रत अर्जासोबत जोडा.